हाउस बिल ६ : ओहायोतला सहा कोटी डॉलरचा कायदा

२३ जुलै २०१९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या प्रतिनिधीगृहाने हाउस बिल ६ या विधेयकावर ५१ विरुद्ध ३८ मतांनी अखेरचे शिक्कामोर्तब केले. सभागृह ९९ जणांचे, आणि विधेयक तरायला किमान ५० मते लागतात. म्हणजे गरजेपेक्षा जेमतेम एक मत जास्त. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी त्याच दिवशी सही केली. वर्ष पुरे व्हायच्या आत, २१ जुलै २०२० रोजी, एफबीआयने सभागृहाचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांच्यासह पाच जणांना अटक केली. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून आलेल्या सुमारे सहा कोटी डॉलरच्या जोरावर आधी अध्यक्षपद मिळवले गेले, मग सुमारे १३० कोटी डॉलरचा कायदा करून दिला गेला, आणि मतदारांनी तो रद्द करू नये म्हणून त्यांचीच वाट अडवली गेली, असा आरोप होता. पुढे तो न्यायालयात सिद्ध झाला.

नोटांची पाकिटे या प्रकरणात जवळपास नाहीतच. बहुतेक रक्कम बँकेमार्फत, नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, धनादेशाने किंवा थेट वर्ग करून गेली. खर्चही बहुतांशी जाहिराती, उमेदवार, सर्वेक्षणे अशा उघड कायदेशीर गोष्टींवर झाला. एकेक नोंद सुटी घेतली तर कुठलाही हिशेबनीस ती बिनबोभाट पुढे सरकवील. गुन्हा होता तो या नोंदी एकमेकींना जोडणाऱ्या सौद्यात.

कंपनीची अडचण

फर्स्टएनर्जीचे मुख्यालय ॲक्रन शहरात आहे. तिच्या वीजनिर्मिती करणाऱ्या उपकंपनीकडे, म्हणजे फर्स्टएनर्जी सोल्यूशन्सकडे, ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी आणि पेरी हे दोन अणुवीज प्रकल्प होते. शेल गॅस स्वस्त झाल्यापासून घाऊक बाजारातला विजेचा भाव पडला होता आणि जुन्या अणुभट्ट्यांना त्या भावात तग धरणे कठीण जात होते. कंपनीने आधी सरळ मार्ग चोखाळले. राज्याच्या वीज आयोगाने २०१६ मध्ये तिला हमीभावासारखी एक सोय मंजूर केली, ती केंद्रीय ऊर्जा नियामकाने रोखली. २०१७ मध्ये अणुप्रकल्पांना अनुदान देणारी विधेयके राज्यात आली, ती अडकून पडली. कोळसा आणि अणुप्रकल्पांना आधार देण्याचा केंद्रीय ऊर्जा खात्याचा प्रस्तावही जानेवारी २०१८ मध्ये त्याच केंद्रीय नियामकाने एकमताने फेटाळला. ३१ मार्च २०१८ रोजी उपकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. केंद्रीय नियामक दोनदा नाही म्हणाला, आधीच्या नेतृत्वाखालचे सभागृह हलेना. उरला एकच मार्ग : सभागृहाचे नेतृत्व बदलणे. त्याची तयारी दिवाळखोरीच्या वर्षभर आधीच सुरू झालेली होती.

अध्यक्ष घडवण्याचा खर्च

ओहायोतल्या प्रतिनिधीगृहाचा अध्यक्ष हा तटस्थ पंच नसतो, तो बहुमतातल्या पक्षाचा सर्वेसर्वा असतो. कुठले विधेयक कोणत्या समितीकडे जाईल, समितीवर कोण बसेल, मतदान कधी होईल आणि निवडणुकीत पक्षाचा पैसा कुणाच्या मागे उभा राहील, हे सगळे त्याच्या हाती. त्यामुळे ५० आमदार एकेक करून वळवत बसण्यापेक्षा एक अध्यक्ष आपला असणे कंपनीला कितीतरी स्वस्त पडते.

हाउसहोल्डर २००१ ते २००४ या काळात अध्यक्ष राहिलेले होते. तेव्हाही त्यांच्या भोवती केंद्रीय चौकशी झाली होती, आरोपपत्र मात्र दाखल झाले नाही. २०१६ ची निवडणूक जिंकून ते पुन्हा सभागृहात आले. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीसाठी ते वॉशिंग्टनला गेले ते फर्स्टएनर्जीच्या खासगी विमानाने. पुढच्याच महिन्यात त्यांचे राजकीय सल्लागार जेफ लाँगस्ट्रेथ यांनी जनरेशन नाऊ नावाची संस्था डेलावेअर राज्यात नोंदवली, आणि मार्चपासून फर्स्टएनर्जीकडून तिला दर तिमाहीला अडीच लाख डॉलर येऊ लागले.

संस्थेचा प्रकार मुद्दाम निवडलेला होता. ओहायोत कंपन्यांना उमेदवाराला थेट देणगी देण्यास बंदी आहे. व्यक्तीने दिलेल्या देणगीलाही मर्यादा असते, ती त्या काळात तेरा हजार डॉलरच्या आसपास होती, आणि देणाऱ्याचे नाव जाहीर होते. पण अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याच्या ५०१ (सी)(४) कलमाखाली नोंदलेली 'समाजकल्याण' संस्था कितीही रक्कम स्वीकारू शकते. राजकारण हे तिचे मुख्य काम नसले म्हणजे झाले. देणगीदारांची नावे तिला जनतेसमोर ठेवावी लागत नाहीत. तिचे वार्षिक विवरणपत्र सार्वजनिक होते खरे, पण वर्ष संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी, म्हणजे ज्या निवडणुकीसाठी पैसा आला ती होऊन गेल्यावर. निवडणुकीत कंपन्यांनी स्वतंत्रपणे करायच्या खर्चावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच उठवलेली होती. कंपनी आणि उमेदवार यांच्यामध्ये अशी एक संस्था उभी केली की बंदी, मर्यादा आणि नाव हे तिन्ही अडसर एका नोंदणीत दूर होतात. अट एकच : ती संस्था उमेदवाराच्या मुठीत आहे असे दिसता कामा नये. इथे खात्यांचा व्यवहार लाँगस्ट्रेथ बघत होते आणि लाँगस्ट्रेथ हाउसहोल्डर यांचे ऐकत होते.

हा पैसा लागला कुठे, हे या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण. मे २०१८ मधली पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक हे पहिले लक्ष्य होते. एकाच पक्षाचा गड असलेल्या मतदारसंघात खरी लढत तिथेच होते. मतदान कमी होते, उमेदवार फारसे ओळखीचे नसतात, वृत्तपत्रांचे लक्ष नसते. लाखभर डॉलरची पत्रके आणि जाहिराती तिथे निकाल फिरवू शकतात, तोच पैसा राष्ट्रीय निवडणुकीत कुणाच्या लक्षातही येणार नाही. तपासयंत्रणेच्या नोंदीनुसार या पैशाचा लाभ झालेले २१ उमेदवार होते : हाउसहोल्डर धरून १५ प्राथमिक फेरीत, आणखी सहा नोव्हेंबरच्या निवडणुकीत. पत्रकांवर वीज कंपनीचे नाव अर्थातच नव्हते, अणुप्रकल्पाचा उल्लेखही नव्हता. त्या उमेदवारांना ही मदत हाउसहोल्डर यांच्याकडून आली एवढे ठाऊक असले की पुरे होते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोर उपकंपनीच्या वतीने काम करणारे लॉबिस्ट, म्हणजे पैसे घेऊन राजकारण्यांकडे तिची बाजू मांडणारे, वान सेस्पेडेस यांनी हाउसहोल्डर यांच्या भेटीत जनरेशन नाऊच्या नावाचा चार लाख डॉलरचा धनादेश दिला. पुढे खटल्यात हा धनादेश सरकारी पक्षाचा मोठा आधार ठरला, कारण अनुदानाची चर्चा आणि पैसा त्या दिवशी एकाच खोलीत होते. जानेवारी २०१९ मध्ये अध्यक्षपदाच्या मतदानात हाउसहोल्डर ५२ विरुद्ध ४६ मतांनी जिंकले. या ५२ मध्ये निम्मी मते विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाची होती. स्वपक्षाचा मावळता अध्यक्ष त्यांनी विरोधकांच्या साथीने पाडला.

कलमे वाचताना

विधेयक १२ एप्रिल २०१९ रोजी मांडले गेले. अध्यक्षांनी ऊर्जा समितीच्या पोटात वीजनिर्मितीसाठी वेगळी उपसमितीच तयार करून ठेवली होती. २९ मे रोजी ते ५३ विरुद्ध ४३ मतांनी प्रतिनिधीगृहातून आणि १७ जुलैला १९ विरुद्ध १२ मतांनी सिनेटमधून बाहेर पडले. सिनेटने केलेले बदल मान्य करण्यासाठी ते परत आले तेव्हा पुरेसे समर्थक सभागृहात हजर नव्हते, म्हणून मतदान २३ तारखेपर्यंत लांबवले गेले.

विधेयकाला 'स्वच्छ हवे'चे नाव होते. आत चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांचे लाभार्थीही वेगवेगळे होते.

पहिली गोष्ट अणुप्रकल्पांचे अनुदान. दर मेगावॉट-तासाला ९ डॉलर, वर्षाला १५ कोटी डॉलरपर्यंत, २०२१ ते २०२७. वर आणखी दोन कोटी सौर प्रकल्पांसाठी. वसुली प्रत्येक वीजबिलातून : घरगुती ग्राहकाला महिन्याला ८५ सेंट, बड्या उद्योगाला जास्तीत जास्त २,४०० डॉलर. ८५ सेंटांसाठी कुणी वकील लावत नाही, मोर्चा काढत नाही. लाखो जणांकडून नगण्य रक्कम घेऊन ती एका ठिकाणी साठवायची, ही असल्या विधेयकांची ठरलेली रचना. तोटा इतका पसरवायचा की कुणालाच टोचू नये, आणि फायदा इतका एकवटायचा की त्यासाठी कोट्यवधी खर्चणे परवडावे. मुख्य म्हणजे, मदत खरोखर लागते का, हे कायदा करण्याआधी कुणा स्वतंत्र लेखापरीक्षकाने हिशेब उघडून तपासले नाही. प्रकल्प बंद पडतील हा कंपनीचा शब्द, तोच पुरावा. दिवाळखोरीतून बाहेर येऊन एनर्जी हार्बर असे नवे नाव घेतलेल्या त्याच कंपनीने मे २०२० मध्ये ८० कोटी डॉलरपर्यंतचे स्वतःचे समभाग परत विकत घेण्याची योजना जाहीर केली.

दुसरी गोष्ट कोळशाची. ओहायो व्हॅली इलेक्ट्रिक कॉर्पोरेशन ही अनेक वीज कंपन्यांच्या मालकीची संस्था १९५० च्या दशकात युरेनियम समृद्धीकरणाच्या सरकारी कारखान्याला वीज पुरवण्यासाठी उभी राहिली. तिचे दोन औष्णिक प्रकल्प १९५५ पासून चालू आहेत आणि त्यांपैकी कायगर क्रीक ओहायोत असला तरी क्लिफ्टी क्रीक चक्क शेजारच्या इंडियाना राज्यात आहे. या दोन्हींचा तोटा ओहायोच्या ग्राहकांनी २०३० पर्यंत भरावा, घरगुती ग्राहकाने महिन्याला दीड डॉलरपर्यंत, असे कलम घातले गेले. अणुवीज म्हणजे स्वच्छ हवा हा युक्तिवाद चालू असताना त्याच कायद्यात हे कोळशाचे कलम बसले. कारण साधे होते. इतर वीज कंपन्यांना त्यात वाटा मिळाला की त्यांचा विरोध मावळतो.

तिसरी गोष्ट कपातीची. अक्षय ऊर्जेचे १२.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ८.५ टक्क्यांवर आणले आणि ऊर्जाबचतीची सक्ती गुंडाळली. समर्थकांनी याचाच उपयोग करून गणित मांडले की या दोन्हींपोटी बिलात लागणारे जुने आकार गेल्यामुळे एकूण बिल उलट कमी होईल. बचत योजनांमुळे वापर घटून ग्राहकाचे जे पैसे वाचत होते, ते या गणितात धरलेच नव्हते.

चौथे कलम सर्वांत रूक्ष भाषेत लिहिलेले आणि म्हणून सर्वांत कमी वाचले गेलेले. त्यानुसार फर्स्टएनर्जीच्या तीन वितरण कंपन्यांचे उत्पन्न २०१८ च्या पातळीला बांधले गेले. विक्री घटली तर फरक ग्राहकाने भरायचा. २०१८ चे साल विजेच्या मागणीच्या दृष्टीने तेजीचे होते, ते आधारवर्ष म्हणून धरले. या कलमामुळे कंपनीचा सुमारे एक तृतीयांश व्यवसाय मंदीपासून बऱ्यापैकी सुरक्षित झाला, असे मुख्य कार्यकारी अधिकारी चार्ल्स जोन्स यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितले. चर्चा अणुप्रकल्प वाचवण्याची होती, पण ते प्रकल्प तर दिवाळखोरीतून वेगळ्या मालकांकडे चालले होते. मूळ कंपनीच्या पदरात थेट पडला तो हा चौथा परिच्छेद. कंपनीचा पैसा लागलेले कुठलेही विधेयक वाचताना मथळ्यातल्या लाभाइतकेच लक्ष अशा हिशेबी कलमांवर ठेवावे लागते.

सर्वांत महाग टप्पा

कायदा झाल्यावर खर्च थांबायला हवा होता. झाले उलटेच. ओहायोच्या राज्यघटनेत नवा कायदा सार्वमताने रोखण्याची तरतूद आहे : ९० दिवसांत मागच्या गव्हर्नरपदाच्या मतदानाच्या सहा टक्के सह्या, म्हणजे या वेळी २,६५,७७४, आणि त्याही ८८ पैकी किमान ४४ काउंट्यांत (जिल्ह्यांत) ठरावीक प्रमाणात विखुरलेल्या. विरोधकांनी लगेच तयारी सुरू केली. पण याचिकेचा सारांश आधी महाधिवक्त्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पहिला मसुदा चुकांपायी परत आला. प्रत्यक्ष सह्या गोळा करणे ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाले. ९० पैकी पाच आठवड्यांहून जास्त काळ कागदोपत्रीच गेला. २१ ऑक्टोबर ही शेवटची तारीख.

जुलैअखेर ते ऑक्टोबर या काळात जनरेशन नाऊकडे सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर आले. अध्यक्ष घडवायला आणि कायदा करायला मिळून लागला नव्हता इतका पैसा मतदारांना मतपेटीपासून दूर ठेवायला लागला. तो कशावर गेला हे बघण्यासारखे आहे. चीनचे सरकार ओहायोची वीजव्यवस्था गिळू पाहते आहे, सही कराल तर त्याला हातभार लावाल, अशा जाहिरातींचा दूरचित्रवाणीवर आणि घरोघरच्या टपालात मारा झाला. सह्या गोळा करणाऱ्या व्यावसायिक कंपन्यांशी आधीच करार करून ठेवले गेले, हेतू हा की त्यांनी विरोधकांचे काम घेऊ नये. रस्त्यावर सह्या घेणाऱ्यांना काम सोडण्यासाठी पैसे आणि घरी जायचे विमानाचे तिकीट देऊ केले गेले. दुसरीकडे फर्स्टएनर्जी सोल्यूशन्सने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हा आकार म्हणजे कर आहे आणि करविषयक कायद्यावर सार्वमत घेता येत नाही, असा तिचा दावा होता.

सह्या कमी पडल्या. सार्वमत झाले नाही.

इथेच एक चूक झाली, आणि तिने पुढे सगळे उलगडले. राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाचे माजी अध्यक्ष आणि नंतर लॉबिस्ट झालेले मॅट बोर्जेस यांनी सार्वमताच्या मोहिमेत काम करणाऱ्या एकाला आतली माहिती पुरवण्यासाठी १५ हजार डॉलर दिले. एकूण खर्चाच्या तुलनेत ही किरकोळ रक्कम. पण ती संस्थेकडून संस्थेकडे न जाता माणसाकडून माणसाकडे गेली, तिला जाहिरातीचे किंवा सल्ल्याचे नाव देता येईना, आणि समोरचा माणूस आधीच एफबीआयकडे जाऊन आला होता. पुढचे संभाषण ध्वनिमुद्रित झाले.

नियामकाच्या खुर्चीपर्यंत

या प्रकरणाचा दुसरा धागा विधिमंडळाबाहेरचा आहे, पण तो वगळला तर चित्र अर्धे राहते. ऊर्जाक्षेत्रातले जुने वकील सॅम रँडाझो यांना फर्स्टएनर्जीने जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ४३ लाख डॉलर दिले. पुढच्याच महिन्यात गव्हर्नरांनी त्यांना राज्याच्या वीज आयोगाचे अध्यक्ष नेमले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाने फर्स्टएनर्जीला २०२४ मध्ये करावा लागणारा दरफेरतपासणीचा अर्ज माफ केला. ही फेरतपासणी झाली असती तर कंपनीचे दर खाली येण्याची शक्यता होती. कायदा विधिमंडळातून मिळवला तरी त्याची अंमलबजावणी करणारा आयोग ताठ असेल तर निम्मा फायदा गळून जातो, हे कंपनीला पुरेपूर माहीत होते. एफबीआयने घराची झडती घेतल्यावर रँडाझो यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये राजीनामा दिला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्यावर केंद्रीय आरोपपत्र आले. त्यांनी आरोप नाकारले होते. एप्रिल २०२४ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, त्यांचा मृत्यू झाला.

देणगी कुठे संपते, लाच कुठे सुरू होते

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या मॅकॉर्मिक निकालानुसार निवडणूक देणगी ही लाच ठरवायची तर ठरावीक सरकारी कृतीच्या बदल्यात पैसा, असा स्पष्ट सौदा सिद्ध करावा लागतो. देणगीदाराला नंतर फायदा झाला, एवढ्याने भागत नाही. राजकारणी ज्या धोरणाचा समर्थक आहे त्याच धोरणाचे लाभार्थी त्याला देणगी देणार, हे गृहीतच आहे. हाउसहोल्डर यांचा बचावही हाच होता : अणुप्रकल्प वाचावेत हे माझे प्रामाणिक मत, आणि हे सगळे नेहमीचे निधीसंकलन. बचाव पोकळ नव्हता. बहुतेक प्रकरणे याच भिंतीवर आपटून फुटतात, किंवा तिथवर पोहोचतच नाहीत.

सरकारी पक्षाने पैशाच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी तारखा, शब्द आणि खात्यांचा ताबा यांवर भर दिला. फेब्रुवारी २०१७ ते जुलै २०१९ या काळात हाउसहोल्डर आणि जोन्स यांच्यात ८४ वेळा फोनवरून संपर्क झाल्याची नोंद मांडली गेली, ती रकमा वर्ग झाल्याच्या तारखांशेजारी ठेवून. लॉबिस्ट नील क्लार्क एका वेगळ्याच तपासात वेष पालटून आलेल्या एफबीआय अधिकाऱ्यांशी बोलत होते, आणि त्या ध्वनिमुद्रणात त्यांनी जनरेशन नाऊ ही अध्यक्षांचीच संस्था असल्याचे सांगून टाकले. लाँगस्ट्रेथ आणि सेस्पेडेस यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये गुन्हा कबूल केला आणि पुढे साक्ष दिली. जनरेशन नाऊनेही संस्था म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये कबुली दिली. क्लार्क यांचा मार्च २०२१ मध्ये मृत्यू झाला.

आणि मग खासगी लाभ. संस्थेचा पैसा लाँगस्ट्रेथ यांच्या जेपीएल अँड असोसिएट्स या फर्ममार्फत फिरून पाच लाख डॉलरच्या वर हाउसहोल्डर यांच्या स्वतःच्या कामी आला : क्रेडिट कार्डाची थकबाकी, वकिलांची बिले, फ्लोरिडातल्या नेपल्स इथल्या घराचा खर्च. ते कर्ज होते असे सांगण्यात आले. सहा कोटींपुढे पाच लाख म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. पण उमेदवारांच्या जाहिराती हे राजकारण आहे असे म्हणता येते, छपराची दुरुस्ती राजकारण आहे असे कुठल्या ज्युरीला पटवणार? हा खासगी खर्च नसता तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न अभ्यासकांनी टाळू नये. माझ्या मते खटला उभा राहिला असता, पण निकाल इतका सहज लागला नसता.

आरोप एकच ठेवला गेला : संघटित गुन्हेगारीविरोधी रिको कायद्याखालचा कट. त्यामुळे लाच, खंडणी, फसवणूक, पैशाचे शुद्धीकरण हे सुटे गुन्हे एकाच टोळीचे उद्योग म्हणून एका कथेत मांडता आले. सिनसिनाटीतल्या केंद्रीय न्यायालयात जानेवारी २०२३ मध्ये खटला सुरू झाला, ९ मार्चला हाउसहोल्डर आणि बोर्जेस दोषी ठरले. जूनअखेर शिक्षा झाली : हाउसहोल्डर यांना २० वर्षे, म्हणजे कायद्यातली कमाल, आणि बोर्जेस यांना पाच. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही निकाल कायम केले.

कंपनी तुलनेने स्वस्तात सुटली, असे म्हणायला जागा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जोन्स आणि आणखी दोन अधिकाऱ्यांना काढून टाकले गेले. जुलै २०२१ मध्ये फर्स्टएनर्जीने सरकारशी करार केला : हाउसहोल्डर आणि रँडाझो या दोघांना अधिकृत कृतींच्या बदल्यात पैसे दिल्याची कबुली आणि २३ कोटी डॉलर दंड, बदल्यात तीन वर्षे अटी पाळल्या तर खटला नाही. दंडाची निम्मी रक्कम ओहायोतल्या गरजू वीजग्राहकांच्या मदत योजनेला गेली. आपण ५०१ (सी)(४) संस्थांना काय देतो ते कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावे, ही त्यातली एक अट. सप्टेंबर २०२४ मध्ये भांडवली बाजार नियामकाने आणखी दहा कोटी डॉलर घेतले. जोन्स आणि कंपनीचे माजी उपाध्यक्ष मायकेल डाउलिंग यांच्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आरोपपत्रे दाखल केली. दोघांनीही आरोप नाकारले आहेत.

सभागृहाने काय केले

अटकेनंतर नऊ दिवसांत, ३० जुलै २०२० रोजी, सभागृहाने हाउसहोल्डर यांना एकमताने अध्यक्षपदावरून हटवले. आमदारकी मात्र राहू दिली. त्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले, कारण मतपत्रिकेवर त्यांच्यासमोर छापील नाव कुणाचेच नव्हते. अर्ज भरण्याची मुदत अटकेच्या कितीतरी आधी संपली होती. १६ जून २०२१ रोजी ७५ विरुद्ध २१ मतांनी त्यांची हकालपट्टी झाली. ओहायोच्या सभागृहाने सदस्याला असे काढण्याची ती दीडशेहून अधिक वर्षांतली पहिली वेळ. तेव्हा खटला उभा राहिलेला नव्हता, म्हणून निकालापर्यंत थांबावे असे विरोधात मत देणाऱ्या काहींचे म्हणणे होते. दोन सहआरोपींची आणि खुद्द संस्थेची कबुली नोंदलेली असताना ते फारसे टिकणारे नव्हते.

कायद्याचे भवितव्य आणखी गुंतागुंतीचे. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने अणुप्रकल्पांसाठीची वसुली सुरू होण्याआधीच थांबवली, त्यामुळे ज्या ८५ सेंटांसाठी एवढा खटाटोप झाला ते ग्राहकांकडून कधी घेतलेच गेले नाहीत. मार्च २०२१ मध्ये हाउस बिल १२८ ने अणु-अनुदान आणि उत्पन्न बांधून देणारे कलम दोन्ही रद्द केले. डेव्हिस-बेसी आणि पेरी बंद पडले नाहीत. २०२४ मध्ये एनर्जी हार्बर व्हिस्ट्रा या कंपनीने घेतली आणि दोन्ही प्रकल्प त्या मालकीखाली चालू राहिले.

ऊर्जाबचतीची सक्ती परत आली नाही. कोळशाचे कलमही राहिले. त्याचे लाभार्थी अनेक होते, खटला त्यांच्यावर नव्हता, आणि ते काढण्यासाठी सभागृहात पुन्हा बहुमत लागणार होते. अध्यक्ष तुरुंगात गेल्यानंतरही ओहायोचे ग्राहक क्लिफ्टी क्रीक आणि कायगर क्रीक यांचा तोटा महिन्याच्या बिलातून भरत राहिले. मे २०२५ मध्ये सही झालेल्या हाउस बिल १५ ने ती वसुली त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून बंद केली.